४२० किमी रुळांचे आहेत, हवेतले नाहीत
जळगाव-मुंबई विमानाला किती वेळ लागतो हे सांगताना लेखात ४२० किमी भागिले ताशी ८०० किमी असं करून अर्धा तास काढलाय. ४२० हे रेल्वेचं अंतर. चाळीसगाव, मनमाड, कसारा घाट असा वळसा त्यात आला. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या: जळगाव २०.९६, ७५.६३, मुंबई १९.०९, ७२.८७. अक्षांशांतला फरक १.८७ अंश गुणिले १११ (एका अंशाचे किमी), म्हणजे २०८ किमी. रेखांशांचा २.७६, पण त्याला १११ नव्हे, १०४ नं गुणायचं, कारण २० अंशांवर रेखांश जवळ आलेले असतात. बहुतेकांचं गणित इथंच फसतं. आले २८७. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे ३५५ किमी. वेग एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानाचा, ताशी ५०० धरा. ४३ मिनिटं झाली. धावपट्टीपर्यंत जाणं, चढण, मुंबईवरच्या घिरट्या यांची २०-२५ मिनिटं वेगळी.