आयएसओ कॉपी केली म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह झाला का?

विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज टाकण्यासाठी लागणाऱ्या साऱ्या फायली एकत्र बांधलेली एकच फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवावी आणि बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (विश्वासू स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावे, म्हणजे लॅपटॉप कधीही बंद पडला तरी सारे जसेच्या तसे परत मिळते, अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो. त्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि तिसरे तर महागात पडणारे आहे.

आधी कॉपीचे पाहू. संगणक सुरू होताना त्यातील यूईएफआय फर्मवेअर (विंडोजच्या आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर, बोलीभाषेतले बायॉस) पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर, त्यात ‘बूट’ आणि त्यात बूट लोडरची, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, ठरावीक नावाची फाइल शोधते. आयएसओ ही त्याच्या लेखी एक बंद पेटी असते आणि ती उघडण्याच्या भानगडीत ते पडत नाही. आयएसओ उघडून आतील फायली फॅट३२ (फायली साठवण्याची एक जुनी पद्धत) स्वरूपाच्या पेनड्राइव्हवर टाकल्या तर कधीकधी काम भागते, हे मान्य केले पाहिजे. परंतु फॅट३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल अलीकडे बहुधा त्याहून मोठी असते, त्यामुळे कॉपी मध्येच अडते. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस ही असा पेनड्राइव्ह तयार करून देणारी साधने ही अडचण परस्पर सोडवतात. मीडिया क्रिएशन टूलला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, मात्र त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते.

सिक्युअर बूट बंद करण्याची गरजच नाही, कारण विंडोजच्या बूट लोडरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी असते. उलट बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या यंत्रावर ही उठाठेव केली, तर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती कुठे लिहून ठेवली आहे, हे तेव्हा आठवावे लागते.

आता ‘जसेच्या तसे’. हा गैरसमज बहुधा विंडोजच्याच भाषेतून आला असावा. रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बंद पडलेले यंत्र सुरू करण्यासाठी विंडोजच बनवून देते तो पेनड्राइव्ह, तयार करताना सिस्टिम फायलींचा ‘बॅकअप’ घेण्यासाठी एक चौकोन असतो आणि वाचणाऱ्याची नजर ‘सिस्टिम’वरून घसरून ‘बॅकअप’वर स्थिरावते. त्या ड्राइव्हवर विंडोज जाते. लग्नाचे फोटो, हिशेबाच्या फायली जात नाहीत. इतकेच नव्हे, तर अडचणीच्या वेळी ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ निवडल्यास यंत्रातील वैयक्तिक फायली आणि आपण टाकलेली ॲप्सही जातात. घाबरलेला माणूस नेमके तेच बटण दाबतो.

ते दाबण्याआधी त्याच ड्राइव्हवरून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स या वाटेने कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘नोटपॅड’ असे टाइप करावे. त्यातील ‘ओपन’च्या खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडले की आपली फोल्डरे दिसतात (सी ड्राइव्हचे अक्षर तिथे वेगळे असू शकते) आणि राइट क्लिक करून ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. डिस्कच निकामी झाली असेल, तर मात्र त्या खिडकीत तिचे नावही दिसत नाही.