दोन मिनिटं थांब की!

29 जुलै, रात्रीचे साडेआठ. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला दोन दिवस शिल्लक, म्हणजे माझ्या हिशोबाने चिक्कार वेळ. घरचा जुना लॅपटॉप उघडला, पॅन नंबर टाकला आणि ते गोल चक्र गरगरत बसलं.

"नेट गेलं!" मी पुकारा केला.

"माझ्या मोबाइलवर तर चालू आहे. दोन मिनिटं थांब की!" ही मायक्रोवेव्हमध्ये आमटी गरम करता करता म्हणाली.

थांबेल तो मी कसला! कुठेतरी वाचलं होतं की वायफाय रुसलं तर 'फर्गेट' करून नव्याने जोडावं. केलं फर्गेट. आता पासवर्ड हवा. तो राउटरच्या पाठीवर, राउटर फ्रिजवर आणि फ्रिजवर गेल्या गणपतीपासूनची धूळ. स्टुलावर चढलो, दातांत मोबाइल धरून टॉर्च मारला. अक्षरं मुंगीएवढी. शून्य की ओ? एक की एल? तिसऱ्या खेपेला जमलं आणि लॅपटॉपने निकाल दिला: 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क'. का, ते सांगायची पद्धत नाही.

ट्रबलशूटर लावला. त्याने पाच मिनिटं एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे ढकलली आणि दोष सापडला नाही म्हणून हात वर केले. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरून वायफायचा ड्रायव्हरच उडवला. रीस्टार्ट केल्यावर तो आपोआप परत येतो, हे माहीत होतं. तरी तो येईपर्यंत देव पाण्यात ठेवले होते.

शेवटी कस्टमर केअर. वीस मिनिटं सनई ऐकवल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, राउटर बंद करून 30 सेकंद थांबा." केला बंद. त्याबरोबर आतल्या खोलीत आईचं कीर्तन ऐन निरूपणात थांबलं. "अरे, काय केलंस?" आई ओरडली. राउटर उठला, कीर्तन सुरू झालं, लॅपटॉप जागच्या जागी.

एवढ्यात शेजारचे काका आले. यांना बोलवावं लागत नाही, वास लागतो. "मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघ." जोडला. धो धो नेट! म्हणजे लॅपटॉप ठणठणीत होता. शहाण्या माणसाने त्याच हॉटस्पॉटवर रिटर्न भरून पाठवलं असतं. पण आता प्रश्न रिटर्नचा राहिला नव्हता, अब्रूचा होता.

साडेदहाला चिरंजीव पाणी प्यायला आले. माझ्या मांडीवरचा लॅपटॉप बघून क्षणभर थबकले. "बाबा, तुम्ही फर्गेट केलंत?" आवाजात वडिलांबद्दल नको इतकी दया.

"मग?"

त्याने मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं. मॅक फिल्टर नावाच्या कप्प्यात एकच नोंद होती. बारा अक्षरी पत्ता, प्रत्येक वायफाय कार्डाला कारखान्यातून मिळतो तसा. पुढे शेऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं: 'दहावी बोर्ड'. स्पेलिंग माझंच. फेब्रुवारीत याचे रात्रीचे गेम बंद करायला मीच मोठ्या शिताफीने या लॅपटॉपला घरबंदी घातली होती आणि साफ विसरलो होतो.

"पण मग इतके महिने चालला कसा?"

"आपल्या वायफायपुरतं रँडम ॲड्रेस चालू केलं होतं. राउटरला वाटायचं, कुणी नवाच लॅपटॉप आलाय. फर्गेट केलं की ते सेटिंग जातं."

"आणि मुळात अडकला का?"

"मायक्रोवेव्ह. तोही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. आपले मोबाइल 5 वर आहेत, या म्हाताऱ्याला 2.4 सोडून काही कळत नाही. थांबला असतात तर..."

"किती, दोन मिनिटं?" ही दारात उभी होती. मी मान खाली घातली. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "कधी केलं होतंस रे हे रँडम का काय ते?"

"फेब्रुवारीत... एंडला," चिरंजीव पुटपुटले.

"म्हणजे बोर्डाच्या पेपरांच्या वेळी?"

पुढचा अर्धा तास त्या खोलीत जे झालं ते भिंतीपलीकडच्या काकांना जास्त चांगलं सांगता येईल. मी गुपचूप ती नोंद उडवली, लॅपटॉप जोडला आणि रिटर्न भरलं. रिफंड 340 रुपये.