राजवैद्य कसा नेमावा

महाराज, राजा होऊन राज्य चालवायच्या आमच्या कॉम्प्युटर गेममध्ये गादीवर बसलात, अभिनंदन. आता दरबार भरवा. पदं ढिगाने आहेत आणि उमेदवारांना त्यातलं एकही मनापासून हवं आहे असं नाही, त्यामुळे वशिल्याची कटकट नाही. (आमच्या बडोद्यात असं झालं असतं तर लोक आजारी पडले असते.)

विदूषक नेमा. हसवेल.

घोड्यांवरचा माणूस नेमा. घोडे बघेल.

राजवैद्य मात्र जपून नेमा. यादी उघडा, विद्वत्तेचा आकडा बघा, त्यातल्या त्यात बरा उचला आणि दरमहा सोनं मोजत राहा. शनिवारी रात्री दीड वाजता, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, बायको दोनदा ‘झोपा आता’ म्हणून गेल्यावर, माझा ३८ वर्षांचा राजा आजारी पडला. वैद्यबुवांनी विचारलं, साधा उपाय करू की धाडसी? मी म्हटलं, धाडसी. दुखणं बळावलं, राजा गेला, गादीवर सहा वर्षांचं पोर आलं. आणि वैद्यबुवा? पगार चालू. राणीने जाब विचारला नाही, भाऊबंदांनी संशय घेतला नाही, तोही कुठे पळाला नाही. शेवटी मीच हाकलला, तर माझ्याबद्दलचं त्याचं मत घसरलं. राजा मारला त्याने आणि रुसलाही तोच!

अन्न चाखणाराही ठेवा. विषाचे डाव फसण्याची शक्यता थोडी वाढेल. झालं त्याचं काम. इथे बडोद्यात १८७४च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या सरबतात विष सापडलं. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी रेसिडेन्सीचे नोकर फितवल्याचा आरोप झाला, चौकशीला सहा जण बसले, त्यांचंही एकमत होईना, आणि तरी १८७५त महाराजांची गादी गेली. सरकारने कारण गैरकारभाराचं दिलं, ते सोडा. पण पेल्याजवळ उभा राहणारा माणूस म्हणजे काय चीज असते! आमच्या गेममध्ये तो एक टक्केवारी आहे.

दरबारी गवई नेमा. मान वाढेल, म्हणजे आकडा वाढेल. फय्याज खाँ बडोद्याचे दरबारी गवई, पण ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब त्यांना म्हैसूरने दिला. शेजारच्या राजाची नजर आपल्या गवयावर आहे, तो उद्या तिकडे गेला तर काय, ही धाकधूक असली तरच त्याला पगार देण्यात मजा. आमचा गवई मरेपर्यंत इथेच. जाईल कुठे, त्याला कुठे जावंसं वाटतच नाही.

आता सल्ले पुरे. राग आलाय.

अरे गेम बनवणाऱ्यांनो, पद म्हणजे काय हे तुम्हाला कळतं का? आमच्या जिन्यात तीन पाट्या आहेत: चिटणीस, फडणीस, जामदार. चिटणीस विमा विकतात, पण दुसऱ्या वाक्याला ‘आमचे पूर्वज सरकारवाड्यात’ हे येतंच. दफ्तर गेलं, संस्थान गेलं, आडनाव गेलं नाही. शिवाजी महाराजांनी रोख पगार दिला, पदं वंशपरंपरेने चालू दिली नाहीत, ती उगाच? १७१३त बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं, ते त्यांच्याच घरात राहिलं आणि छत्रपती साताऱ्यात नावाला उरले. एका नेमणुकीने अख्खी गादी झाकली! हा खेळ आम्हाला खेळायचाय. रोख दिलं तर माणूस उद्या दुसरीकडे जाईल, वतन दिलं तर परवा त्याचा नातू डोक्यावर बसेल, आता ठरव. पदासाठी दोन घराण्यांत हाडवैर लागू दे. काढून टाकलेला कारभारी हिशेबाच्या वह्या घेऊन शत्रूकडे जाऊ दे. चांगलं काम करणाऱ्याला जहागिरी मागू दे, आणि नाही दिली तर कुजबुज सुरू होऊ दे. तुम्ही काय केलंत? चित्रं काढलीत, टोप्या शिवल्यात आणि खाली महिन्याचा खर्च लिहिलात. एवढ्यावर आमच्याकडून वरचे पैसे घेता, लाज नाही वाटत?

आधी त्या वैद्याला जाब विचारायची सोय करा, मग नव्या टोप्या विका. सहा वर्षांचा राजा कालपासून आजारी आहे, आणि यादीत सगळ्यात वर पुन्हा तोच वैद्य आहे.