उजळाईवाडीच्या धावपट्टीचा जुना इतिहास

कोल्हापूर विमानतळाच्या १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या टर्मिनलच्या वास्तूविषयीचा लेख वाचला आणि आवडला. पन्हाळगड आणि राजवाड्याची आठवण करून देणाऱ्या काळ्या दगडाच्या कमानी खरोखरच देखण्या आहेत. मात्र राजर्षी शाहू महाराजांचे सुपुत्र छत्रपती राजाराम महाराज यांनी १९३९ मध्येच, संस्थानी काळात, उजळाईवाडीच्या माळावर हा विमानतळ उभारला, याचा उल्लेख लेखात असायला हवा होता. मधली कित्येक वर्षे येथे नियमित प्रवासी सेवा नव्हती आणि २०१८ मध्ये लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेमुळे ती पुन्हा सुरू झाली. माझ्या मते इमारतीच्या सौंदर्याइतकेच धावपट्टीच्या लांबीकडे आणि पावसाळ्यातील कमी दृश्यमानतेतही विमान सुखरूप उतरवणाऱ्या यंत्रणेकडे लक्ष दिले पाहिजे, कारण सेवेची नियमितता त्यांवरच ठरते.