बटलर फिनिक्सला का आला नाही: एक खुलासा

'फिनिक्स सन्सने दोन-तीन मधल्या फळीतले खेळाडू देऊन जिमी बटलरला सहज आणलं असतं, व्यवस्थापनाला इच्छाच नव्हती,' हे वाक्य बास्केटबॉलप्रेमींच्या गप्पांत वारंवार येतं. ते चुकीचं आहे. सन्स हा अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला संघ, आणि बटलर तेव्हा मायामी हीट या दुसऱ्या संघाचा खेळाडू.

2024-25 मध्ये एनबीएची पगारमर्यादा, म्हणजे एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा, सुमारे 14.06 कोटी डॉलर होती. ती ओलांडता येते, पण 18.89 कोटींची रेषा ओलांडली की संघाचे हात बांधले जातात. त्याला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, शिवाय अदलाबदलीत जितक्या पगाराचे खेळाडू देईल त्याहून जास्त पगाराचे परतही घेता येत नाहीत. सन्स या रेषेच्या बरेच वर होते.

आता आकडे बघा. बटलरचा पगार 4.88 कोटी, सन्सच्या नुर्किचचा जेमतेम 1.8 कोटी. एकट्याने बटलरच्या पगाराला पुरे पडणारे सन्सकडे तिघेच: ड्युरंट, बुकर आणि बील. त्यातल्या बीलच्या करारात, त्याच्या संमतीशिवाय अदलाबदल नाही, असं कलम होतं. तेही त्याच्या आधीच्या संघाने, वॉशिंग्टनने, 2022 मध्ये दिलेलं. खरी गाठ इथे होती. इच्छा नव्हती म्हणणं त्या व्यवस्थापनावर अन्याय आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये बटलर गोल्डन स्टेट या संघाकडे गेला.