'बॅटरी उतरते का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मिरवणुकांमधल्या आवाजाच्या मोजणीवर मी लिहिलेल्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती अशी:

"लेख एकांगी. तुमचा मीटर फक्त आमच्याच मिरवणुकीत चालतो, पहाटेच्या भोंग्यासमोर त्याची बॅटरी उतरते का? ७५ डेसिबल सगळीकडे लागू नाही, एवढंही तुम्हाला माहीत नाही. सण वर्षातून दहा दिवस, भोंगा ३६५ दिवस. ढोल-ताशा म्हणजे लाउडस्पीकर नव्हे. आधी त्यांचं बंद करा, मग आम्हाला शिकवा. अभ्यास वाढवा."

स्पष्टवक्ते साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. पण सात वाक्यांच्या प्रतिक्रियेत एक टोमणा, एक आरोप आणि शेवटी 'अभ्यास वाढवा' एवढं सगळं बसवायचं, तेही चेहरा झाकून, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. आमच्याकडे याला भिंतीआडून खडा मारणं म्हणतात. 'हा आकडा चुकला आहे, तपासून घ्या' असं साधं लिहिलं असतं तर उत्तरही दोन ओळींत झालं असतं. आता जरा लांबेल.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लेखात मी '७५ डेसिबलची मर्यादा' असं सरसकट लिहिलं, ते ढिलं होतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधला नियम ५ सांगतो तो असा: सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५, म्हणजे मर्यादा ६५. व्यापारी भागाचं ६५, म्हणजे तिथे ७५. चूक मान्य, लेखात दुरुस्त केली आहे. मात्र या दुरुस्तीने तुमच्या मंडळाला सवलत मिळालेली नाही, पेठेतल्या निवासी गल्लीत दहा डेसिबल कमी झाले आहेत. हे तुमच्या लक्षात आलं होतं का, ते प्रतिक्रियेवरून कळत नाही.

आता बॅटरी. खरं तर तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत उत्तर देण्यासारखं हेच एक वाक्य आहे, आणि नेमकं तेच टोमणा म्हणून आलं आहे.

पहाटेच्या भोंग्यासमोर मीटर लागतच नाही, घड्याळ लागतं. रात्री १० ते सकाळी ६ ही नियमांच्या भाषेत 'रात्र'. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावायलाच बंदी आहे, मग तो ४० डेसिबलवर असो की ९० वर. बंदिस्त सभागृहातला आतल्या आत ऐकू येणारा आवाज आणि सार्वजनिक आणीबाणी एवढेच अपवाद. नियम ७ मध्ये तक्रारीची दोन कारणं दिली आहेत. मानकापेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज हे एक, आणि रात्रीच्या बंधनांचा भंग हे दुसरं. दुसऱ्या कारणासाठी आकडा मागितलेला नाही. वर्षातला बहुतेक काळ पहाटेची अजान सहाच्या आत येते. ती भोंग्यावरून आली की तिथेच नियम मोडला. हाच नियम कोजागिरी ते कार्तिकी पौर्णिमा पहाटे काकड्याला लावलेल्या कर्ण्यालाही आहे, आणि मध्यरात्र उलटून चालणाऱ्या मिरवणुकीच्या साउंडलाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १० वरून १२ पर्यंत नेऊ शकतं, आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २००५ रोजी ही सूट मान्य केली, ती या दोन तासांपुरतीच. पहाटे पाचला सूट देणारा नियम कुणासाठीच नाही.

तेव्हा भोंग्यासमोर माझी बॅटरी उतरत नाही, मीटर पेटीतून बाहेर काढावाच लागत नाही. आवाज आणि घड्याळ एकाच व्हिडिओत यायला हवं, आणि तो कुठून काढला ते तक्रारीत लिहायला हवं. एवढं पुरतं.

दिवसाच्या भोंग्याला मात्र मीटर लागतो, आणि तिथे तुमचा संशय असा दिसतो की यंत्र मिरवणुकीवर डोळा ठेवून बनवलं आहे. झालंय नेमकं उलट. मानकं 'ए' भारांकनाच्या डेसिबलमध्ये आहेत. हे भारांकन कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे स्वर कापून मोजतं: १००० हर्ट्झला काही कापत नाही, १२५ ला १६ डेसिबल कापतं, ६३ ला २६, ५० ला ३०. भोंगा म्हणजे मागे निमुळता, तोंडाशी पसरट कर्णा आणि त्याच्या मागे ड्रायव्हर युनिट, म्हणजे आवाज तयार करणारा भाग. साधारण ३०० हर्ट्झखाली तो फारसं काही वाजवतच नाही. माणसाच्या आवाजाचा मधला पट्टा तो फेकतो, आणि त्या पट्ट्यात मीटर जवळजवळ काही माफ करत नाही. डॉल्बीचा बास वाजतो ४० ते ८० हर्ट्झमध्ये. हद्दीवर ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षात ११० डेसिबल असला तर मीटरवर ८० दिसतो. भोंग्याचा तेवढाच आवाज ११० च्या आसपास दिसतो. मीटरला पक्षपाती म्हणायचंच असेल तर तो तुमच्या बाजूने आहे, साहेब.

चालवणाऱ्यांना हे पाठ असतं. पोलीस मीटर घेऊन येताना दिसले की टॉप, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे स्पीकर, खाली येतात, बास तिथेच राहतो. समजा 'ए' मध्ये टॉप ९५ आणि बास ८५ आहे, तर मीटर ९५.४ दाखवेल. टॉप १५ डेसिबलने उतरवले की मीटर ८६ वर येतो. नऊ डेसिबल कमी, पंचनामा हलका. तिकडे वाड्याच्या खिडक्यांची तावदानं आणि म्हाताऱ्या माणसाची छाती पूर्वीइतकीच थडथडत असते, कारण खालच्या स्वरांना भिंत अडवत नाही. म्हणून मोजताना 'ए' बरोबर 'सी' भारांकनाचं वाचनही घ्यावं. 'सी' ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कापतं. दोन्हींत पंधरा-वीसचा फरक आला तर बास धरलाच म्हणून समजा. नियमांत 'सी' नाही, त्यामुळे दंड 'ए' वरच होईल. तरी नोंद हवी, कारण पुढे घरातल्या त्रासाबद्दल कुणी विचारलं तर दाखवायला तेवढंच असतं.

भोंग्याच्या मोजणीत गफलत होते ती जागेची. कर्णा एका दिशेला फेकतो. ३० वॅटचं चांगलं युनिट असेल तर तोंडासमोर एक मीटरवर १२० च्या जवळपास आवाज मिळतो, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ६४ मीटरवर, कर्ण्याच्या रेषेत, ८४. पण कर्णा गच्चीवर किंवा मनोऱ्यावर असतो. खाली रस्त्यावर उभं राहून मोजलं तर तुम्ही त्या रेषेच्या बाहेर असता आणि आकडा फसवा कमी येतो. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस म्हणतो झोप उडते, शिपाई खाली उभा राहून म्हणतो काही नाही. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी हद्दीवरचं वाचन आणि तक्रारदाराच्या खिडकीबाहेर साधारण एक मीटरवरचं वाचन, दोन्ही घ्यायचा आग्रह धरा. तीन-चार कर्णे असतील तर एकेकाचा हिशोब मांडू देऊ नका. सगळ्यांचा मिळून होणारा आवाज मर्यादेत हवा.

मोजण्याची पद्धत लेखात होती, पण ती वाचलेली दिसत नाही, म्हणून पुन्हा. मोबाइलवरचं अॅप पुरावा म्हणून नको. फोनचा माइक मोठ्या आवाजाचा गळा आवळतो आणि खालचे स्वर अर्धेमुर्धे सोडून देतो. अचूकतेच्या श्रेणी १ किंवा २ चा मीटर, माइकवर स्पंजाची टोपी, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंची, भिंतीपासून जमेल तितकं दूर. मोजण्याआधी आणि नंतर १००० हर्ट्झ, ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक आवाज काढणाऱ्या छोट्या यंत्रावर, तपासणी. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर मधली सगळी वाचनं बाद. आणि काटा क्षणभर कुठे उडाला ते लिहायचं नाही, ठरावीक वेळेची समतुल्य सरासरी, म्हणजे त्या वेळेतल्या एकूण आवाजाइतका भरणारा एकच स्थिर आकडा, लिहायची.

प्रकरणं न्यायालयात पडतात ती बहुधा पार्श्वभूमीच्या आवाजावर. साउंड चालू असताना ६८ आणि बंद असताना, नुसत्या रहदारीचे, ६५ आले तर त्या साउंडचा वाटा ६५ एवढाच निघतो. फरक तीनपेक्षा कमी असेल तर ते वाचन कुणाच्याही नावावर टाकता येत नाही. विसर्जनाच्या रस्त्यावर एकामागे एक मंडळं असतात, आणि पंचनाम्यात एकच आकडा असतो. बचावाचा वकील विचारतो, यातला माझ्या अशिलाचा आवाज कुठला? उत्तर नसतं. तेव्हा पंचनाम्यात वेळ, गाडीचा क्रमांक, मीटर आणि गाडी यांतलं अंतर, पुढची-मागची गाडी किती लांब होती, मीटरचा अनुक्रमांक आणि प्रमाणपत्राची तारीख हवीच. ही वाक्यं अंदाजाने लिहिलेली नाहीत. अकरा वर्षं हा मीटर हातात आहे, दोन्हीकडच्या शिव्यांसकट. 'अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्याने हातात निदान कॅलिब्रेटर तरी धरलेला असावा, एवढी अपेक्षा चुकीची नसावी.

राहिलेलं थोडक्यात. ढोल-ताशा लाउडस्पीकर नाही, खरं आहे. २०१० च्या दुरुस्तीने नियमांत वाद्यंही आली, हेही खरं आहे. रात्रीचं बंधन त्यांनाही आहे. दहा दिवस विरुद्ध ३६५ दिवस हा हिशोब कट्ट्यावर टाळ्या घेईल. नियमांत तो रकाना नाही, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

'आधी त्यांचं बंद करा' या वाक्याचं मात्र मला आता हसूही येत नाही. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये भोंग्यांवरून राज्यभर जो गदारोळ झाला, त्यात दोन्ही बाजूंनी हेच वाक्य होतं, फक्त 'त्यांचं' या शब्दाचा अर्थ वेगळा. हे वाक्य तक्रार अर्जात उतरलं की अर्ज मेलाच. पोलीस ठाण्यात 'त्यांचा भोंगा बंद करा, नाहीतर आम्हीही लावू' असा कागद गेला की तो ध्वनीचा विषय राहत नाही, कायदा-सुव्यवस्थेचा होतो. मग शांतता समितीची बैठक, दोन्हीकडच्या चार-चार जणांना नोटिसा, चहा, आणि भोंगा होता तिथेच. अर्जात धर्म, पक्ष, मंडळाचा इतिहास यांतलं काहीही नको. ठिकाण, तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, कर्ण्यांची संख्या, तुमच्या घरापासूनचं अंतर, कोणता नियम मोडला, एवढंच हवं. आधी ११२ वर फोन करून तक्रारीचा क्रमांक घ्या, मग लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि एकाच दिवसाऐवजी सलग काही दिवसांच्या नोंदी जोडा.

नाव उघड होण्याची भीती असेल, आणि टोपणनावावरून ती असावी असं वाटतं, तर मुंबई उच्च न्यायालयाचा २३ जानेवारी २०२५ चा निकाल वाचा. कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनी दिलेला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यात आहेच. तुमच्या उपयोगाचं त्यापुढे आहे: तक्रारदाराची ओळख पोलिसांनी मागायची नाही, समोरच्याला सांगायची नाही. आधी समज, मग दंड, मग साहित्य जप्ती आणि परवाना रद्द, असा चढता क्रमही घालून दिला आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची तरतूद जाऊन १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला आहे, हेही अर्ज लिहिताना माहीत असावं. जुन्या कलमाची धमकी घातलेला अर्ज वाचणारा अधिकारी पहिल्याच ओळीत तुम्हाला ओळखतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. माझ्या मीटरमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ती उतरली की वाचन भरकटतं, म्हणून मी नवीन घालूनच निघतो. ७५ च्या आकड्याची दुरुस्ती लेखात केली आहे आणि खाली 'एका वाचकाच्या सूचनेवरून' असं लिहिलं आहे. खरं नाव कळवलंत तर तेही घालीन.