ती थोबाडीत आधीच लिहिलेली होती

हॉलिवूडचा काळा नट सिडनी पॉयटिए याचं नाव निघालं की हमखास सांगितला जाणारा एक किस्सा आहे. तो साधारण असा: ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या १९६७ च्या चित्रपटात एक गोरा जमीनदार पॉयटिएच्या थोबाडीत मारतो. पटकथेनुसार पॉयटिएने ते गिळून निघून जायचं होतं. पण ऐन शॉटमध्ये त्याचं रक्त उसळलं आणि त्याने तिथल्या तिथे परतफेड केली. दिग्दर्शक थक्क, कॅमेरा चालूच. मिसिसिपीच्या मातीत, पडद्यावर पहिल्यांदाच काळ्या माणसाने गोऱ्यावर हात उचलला, आणि त्याबद्दल पॉयटिएला ऑस्कर मिळालं.

किस्सा झकास आहे. मीही एकेकाळी तो चार जणांना ऐकवलाय. पण त्यात खरं म्हणावं असं जवळपास काहीच नाही.

मुळात ‘ऐन शॉटमध्ये’ हेच चूक. खुद्द पॉयटिएसुद्धा असं म्हणत नव्हता. त्याच्या सांगण्याप्रमाणे, मूळ पटकथेत टिब्ज हा त्याचा डिटेक्टिव्ह मार खाऊन निघून जातो. त्याला ते पटलं नाही, आणि उलट थोबाडीत मारण्याचा प्रसंग चित्रपटात राहीलच, कोणत्याही प्रतीतून कापला जाणार नाही, असा शब्द त्याने निर्मात्यांकडून घेतला. म्हणजे त्याचीच हकिकत खरी धरली तरी हे शूटिंगच्या आधी टेबलावर ठरलेलं होतं.

पण कागद त्याच्याही बाजूने नाहीत. चित्रपट-अभ्यासक मार्क हॅरिस यांनी त्या काळावर २००८ साली पुस्तक लिहिलं, त्यात ते म्हणतात की पटकथेच्या मूळ खर्ड्यातच हा प्रसंग पडद्यावर दिसतो तसा आहे. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट आणि दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनीही तेच सांगितलं. पॉयटिए खोटं बोलत होता असं मला म्हणायचं नाही. तीस-चाळीस वर्षांनी आठवणी आपापली जागा बदलतात.

आणि सिलिफंटने काय केलं ते बघा. जॉन बॉलच्या १९६५ च्या मूळ कादंबरीत हा प्रसंगच नाही. तिथला एंडिकॉट, म्हणजे चित्रपटात थोबाडीत मारणारा तो जमीनदार, बरा माणूस आहे, गावात संगीत महोत्सव व्हावा म्हणून झटणाऱ्यांपैकी. सिलिफंटने त्याला कापसाच्या मळ्याचा धनी केलं. गावात कारखाना काढायला आलेल्या उद्योगपतीचा खून होतो आणि संशय या धन्यावर येतो. टिब्ज आणि पोलीसप्रमुख गिलेस्पी त्याच्याकडे निघतात ते कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांच्या शेतांमधून. मग काचघरातली ऑर्किडं. या फुलांना निगा लागते, वाढवायला वेळ लागतो, अगदी काळ्यांसारखं, असं एंडिकॉट सहज बोलून जातो. चौकशी आपलीच चाललीय हे लक्षात आल्यावर तो हात उचलतो. शेजारी सरबताचा ट्रे घेऊन काळा नोकर उभा. हे सगळं एकेक करून रचलेलं आहे. अशा ठिकाणी ‘नटाचं रक्त उसळलं’ म्हणणं म्हणजे लिहिणाऱ्याची मेहनत नटाच्या तापट डोक्याच्या नावावर खपवणं. शिवाय तो नट काळा असला की ‘उसळलं’ हा शब्द फारच पटकन सुचतो, हेही मला खटकतं.

मिसिसिपीची मातीही खरी नाही. गाव मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यातलं दाखवलंय, पण बहुतेक चित्रण उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावात झालं. पडद्यावरच्या गावाचं नावही स्पार्टाच ठेवलं, म्हणजे पाट्या रंगवायला नकोत. दक्षिणेत जायला पॉयटिएनेच नकार दिला होता आणि त्यामागे कारण होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात तो आणि गायक-नट हॅरी बेलाफाँटे काळ्यांच्या मतदार-नोंदणीच्या चळवळीसाठी सत्तर हजार डॉलर रोख घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला गेले, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला. त्याच उन्हाळ्यात त्याच राज्यात चळवळीतल्या तीन तरुणांचे खून झाले होते. कापसाच्या शेतांसाठी म्हणून तो शेवटी थोडेच दिवस दक्षिणेतल्याच टेनेसी राज्यात जायला तयार झाला. मला विचाराल तर किश्श्यापेक्षा ही नकाराची गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे.

‘पडद्यावर पहिल्यांदाच’ म्हणावं तर १९५८ च्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये हाच पॉयटिए, एका साखळीने जखडलेला, गोऱ्या टोनी कर्टिसशी मारामारी करतो. तिथे मात्र दोघंही कैदी. इथे समोर मळ्याचा मालक आहे, आणि मारणारा कायद्याचा माणूस. हा फरक मोठा आहे. तेवढाच सांगितला तरी पुरे.

ऑस्करचं थोडक्यात. चित्रपटाला पाच मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं धरून. अभिनयाचं गेलं गिलेस्पी झालेल्या रॉड स्टायगरला. पॉयटिएला साधं नामांकनही नव्हतं, त्या एका वर्षात त्याचे तीन गाजलेले चित्रपट येऊनही. त्याचं ऑस्कर त्याआधीचं, १९६३ च्या ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठीचं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे दोन दिवस पुढे ढकललेल्या त्या समारंभात स्टायगरने पॉयटिएचे आभार मानले.

किस्सा सांगणारे बहुधा काचघरातच थांबतात, म्हणून पुढचं सांगतो (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं). एंडिकॉट गिलेस्पीला विचारतो, पाहिलंस ना, मग आता काय करणार? गिलेस्पी म्हणतो, माहीत नाही. बाहेर आल्यावर टिब्ज पेटलेला आहे, या माणसाला टेकडीवरून खाली खेचीन म्हणतो. गिलेस्पी त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, तूही आमच्यासारखाच निघालास की. आणि खून एंडिकॉटने केलेलाच नसतो.